आघात कुठल्या अक्षरावर

यकृताला इटालियन भाषेत फेगातो म्हणतात. ह्या एका शब्दापायी मी भर दुपारी वही फेकली होती, आणि ती जाऊन पडली नेमकी सासऱ्यांच्या खाटेवर. फेकायची नव्हती असं म्हणणार नाही. फेकायचीच होती, फक्त भिंतीवर.

मी नर्स. लोणावळ्यातल्या एका खाजगी दवाखान्यात अकरा वर्षं काढलेली. घर जवळच औंढ्याला, शेताच्या कडेला. नवरा देहूरोडच्या डेपोत, सकाळच्या लोकलनं जाणारा आणि दिवेलागणीला येणारा. मूलबाळ नाही, आणि त्याची चौकशी करणाऱ्या बायकाही आता थकल्यात, हे एक बरं. इटलीतल्या दवाखान्यांना नर्सा हव्यात, भाषेची तोंडी परीक्षा पास झालीस तर नोकरी आहे, असं एका मैत्रिणीनं सांगितलं आणि मला एकदम वाटलं, जावं. पगार तर होताच, पण खरं सांगू? मला कुठंतरी जायचंच होतं. लोणावळ्याला सगळी दुनिया फिरायला येते, धुक्यात फोटो काढते आणि परत जाते. आपण आपले इथंच, त्यांच्या मुरगळलेल्या घोट्यांना क्रेप बँडेज बांधायला. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "तू हो पुढं, वर्षभरात मी येतो." त्याला म्हणे पिझ्झा आवडतो.

क्लास मोबाईलवर. सकाळची ड्युटी उरकून आले की दुपारी तीनला डाळीच्या डब्याला मोबाईल टेकवायचा आणि पाटावर बसायचं. शिकवणाऱ्या बाई तिकडच्याच, पिकल्या केसांच्या, स्वभावानं गोड. त्या शब्द म्हणायच्या, मी म्हणायचे, मग त्या म्हणायच्या, "अंकोरा!" अंकोरा म्हणजे पुन्हा. चुकलं तरी अंकोरा, बरोबर आलं तरी अंकोरा.

अडचण अशी होती की त्यांच्या प्रत्येक शब्दात एका अक्षरावर जोर द्यावा लागतो. बहुतेक शब्दांत तो शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो, तिथवर ठीक. पण दवाखान्यातले शब्द मेले वाकड्या वाटेचे. यकृत, जठर, मांडीचं हाड, मणका, अल्सर, सगळ्यांचा जोर शेवटून तिसऱ्यावर. आणि लिहिताना तो कुठंही दाखवत नाहीत. ज्याला माहीत त्याला माहीत. मी ऐकलेला शब्द लगेच वहीत मराठीत उतरवून ठेवायचे, कारण आपल्या अक्षरात लिहिलं की पाठ होतं. फेगातो. आणि वाचायचे तसंच, फेगाऽतो. बाई मान हलवायच्या, "फेऽगातो." मी म्हणायचे, "फेगाऽतो." "अंकोरा!" "फेगाऽतो." असं पंधरा वेळा. सोळाव्या वेळी क्लास संपला आणि वही उडाली.

आता खाटेवरच्या माणसाबद्दल सांगते. सासरे, आमचे आबा, जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं गुरुजी होते. मावळातल्या चार गावांना त्यांनी मराठी शिकवलं. शुद्धलेखनाला इतके कडक की लग्नपत्रिका हातात आली तरी आधी ह्रस्व-दीर्घ तपासायचे आणि मग नवरा-नवरीची नावं वाचायचे. वही फेकली त्याच्या अकरा महिने आधी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली, पुढं बरीचशी परत आली, पण जीभ जड राहिली. डोकं शाबूत, उजवा हात शाबूत. बोलले की मात्र शब्द एकमेकांत कालवल्यासारखे बाहेर यायचे. दवाखान्यात असतानाच भेटायला आलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं त्यांच्यादेखत मला विचारलं, "काय म्हणाले गुरुजी?" झालं! त्या दिवसापासून आबांनी तोंड मिटलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांचे तुकडे करून घेतले आणि चिठ्ठ्या लिहायला लागले. 'चहात साखर कमी आहे.' 'पंखा एकने कमी करावा.' पूर्णविरामसुद्धा चुकायचा नाही.

आणि आमच्या आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, वाचता येत नाही. गावाला अ-आ-इ-ई शिकवणाऱ्या गुरुजींची बायको निरक्षर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लग्न होऊन आल्या तेव्हा गुरं होती, भाताची खाचरं होती, वर खाष्ट सासू. पुढं 'आता काय करायचंय शिकून' ह्यातच जन्म गेला. आबा चिठ्ठी लिहायचे आणि आत्या ती घेऊन माझ्याकडं यायच्या. "बघ गं बाय, गुरुजींनी काय लिवलंय." मी ड्युटीवर असले की चिठ्ठी तीन वाजेपर्यंत थांबायची. एकदा तर मी वाचली ती 'पाणी दे' अशी होती आणि सकाळी दहाला लिहिलेली होती. बरं, माणसानं पाण्यासाठी साधी खूण करावी की नाही? पण आबा खुणा करत नसत. खुणा मुक्यानं करायच्या, असं त्यांचं म्हणणं. तेही चिठ्ठीतच लिहिलेलं.

तर मी परीक्षा पास होऊन गेले की ह्या दोघांचं बोलणंच बंद होणार होतं. बेचाळीस वर्षांचा संसार, आणि मधला दुभाषी विमानात बसून पसार. हे मला सारखं टोचायचं, आणि टोचलं की राग यायचा. अर्धी चिडचिड इटालियनवर निघायची ती ह्यामुळंच.

तळेगावच्या स्पीच थेरपिस्ट मुलीनं उपाय सांगितला होता. शब्द तोडून बोलायचा, प्रत्येक अक्षराला मांडीवर एक थाप द्यायची, घाई करायची नाही. सरावाला तिनं एक कागद दिला. क-म-ळ. ब-द-क. आबांनी कागद वाचला आणि त्याखाली लिहिलं, 'मी छत्तीस वर्षे मुलांना शिकवले. आता पहिलीत बसणार नाही.' तो कागद मग आत्यांनी पिठाच्या डब्याखाली घातला.

वही खाटेवर पडली तेव्हा मला वाटलं, आता एक खरमरीत चिठ्ठी येणार. आबांनी वही उचलली, चष्मा लावला, खिशातला लाल पेन काढला. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी लाल पेन खिशात असतोच. फेगातोवर बराच वेळ काहीतरी केलं आणि वही पुढं केली. अक्षरांच्या डोक्यावर लघु-गुरूच्या खुणा होत्या, फे वर आडवी रेघ, गा वर अर्धचंद्र. खाली लिहिलं होतं, 'तू गा ला काना दिलास म्हणून तो लांब वाचतेस. तुला लिपीने फसवले आहे. आघात उपान्त्य अक्षरावर नाही.'

उपान्त्य! शेवटून दुसऱ्या अक्षराला आपल्याकडं शब्द आहे, आणि तो मला सातवीत ह्याच गृहस्थांनी छडी दाखवून पाठ करून घेतला होता, हे साफ विसरले होते मी. हो, मी त्यांचीच विद्यार्थिनी, सून नंतर झाले. राग कुठल्या कुठं गेला. मी ओरडलेच, "आबा, मग आघात नेमका कसा द्यायचा ते म्हणून दाखवा ना!"

एवढ्यात आतून आत्या पिठाच्या हातानं धावत आल्या. "आगात? पुन्ना आगात आला? कुनाला?" त्यांचा चेहरा पांढराफटक. डॉक्टरच्या तोंडून त्यांनी तो शब्द एकदाच ऐकला होता आणि तो त्यांना पुरला होता. मी त्यांना खाली बसवलं, पाणी दिलं, आणि समजावलं की हा आघात शब्दाला येतो, माणसाला नाही. "शब्दाला येतुया व्हय," असं म्हणून त्या उठल्या. "मंग मरू द्या त्याला."

आबा हसले. वाकडं हसले, कारण डावी बाजू साथ देत नव्हती, पण हसले. आणि मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "फेऽ-गा-तो."

अकरा महिन्यांत ऐकलेला तो पहिला शब्द. जड होता, ओला होता, पण तीन अक्षरं तीन जागी होती. मी काही बोलणार तोच त्यांनी चिठ्ठी सरकवली. 'हा शब्द मी चुकीचा बोललो तरी इथे कळणार कोणाला?' मग मला उमगलं. कमळ चुकलं की गाव हसणार होतं. फेगातो चुकलं तर मावळ तालुक्यात हसणारं कुणी नव्हतं.

तिथून आमची शाळा भरायला लागली. तीनला क्लास, चारला आबा. मी वहीत शब्द लिहायचे, ते लाल पेनानं खुणा करायचे, मग दोघं मांडीवर थापा मारत म्हणायचो. स्तोऽ-मा-को, जठर. फेऽ-मो-रे, मांडीचं हाड. पोल्-मोऽ-ने, फुप्फुस, हा मात्र गुणी बाळ, आघात उपान्त्यावर. इस्पितळाला ओस्पेदाले म्हणतात, आणि बाईंनी त्याची अक्षरं तोडून दाखवली ती ओ-स्पे-दा-ले अशी. आबा खूश! 'स्पे जोडाक्षर आहे. आपली लिपी आधीपासून असेच तोडते. त्यांना आपला नियम मान्य आहे.' त्यांना म्हणजे इटलीला. तापाच्या फेब्-ब्रे ला मात्र बाईंनी ब दोन्हीकडं वाटला, तेव्हा आबांनी 'जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. आमच्या घरात दिवसभर कुणाचं ना कुणाचं जठर नाहीतर फुप्फुस चालू असायचं. दूध घालायला येणाऱ्या बाईनं एकदा विचारलंदेखील, "गुरुजी मंत्र म्हनत्यात का?"

माझ्या चुका थांबत नव्हत्या, ते वेगळंच. क्लासमध्ये बाई पेशंटचं नाटक करायच्या. एकदा त्यांनी घोटा धरून काय दुखतंय ते मला ओळखायला लावलं. मला सांगायची होती टाचेमागची शीर, तेंऽदिने. मी ऐटीत म्हणाले, तेंदिऽने. बाई हसून हसून खुर्चीत मागं गेल्या. तेंदिऽने म्हणजे खिडकीचे छोटे पडदे. मी पेशंटच्या पायातले पडदे फाटलेत असं निदान केलं होतं. दुसऱ्यांदा तर अंकोरालाच हात घातला. बाईंनी पुन्हा म्हणावं म्हणून मी विनंती केली, पण जोर दिला पहिल्यावर, अंऽकोरा. तो झाला जहाजाचा नांगर. जोर मधल्यावर दिला तर पुन्हा, पहिल्यावर दिला तर नांगर.

हे मी जेवताना हसत सांगितलं. आत्या भाकरी थापता थापता थांबल्या. "मी बी म्हनते, ती बया दिवसभर नांगर नांगर का करतीया? लय शेती हाय का तिची?"

"अहो आत्या, तो नांगर नाही, जहाजाचा. आणि त्या नांगर म्हणतच नाहीत, पुन्हा म्हणतात."

"मला न्हाई कळत बाई. ती म्हनती अंकोऽरा. तू म्हनलीस अंऽकोरा." आणि त्यांनी दोन्ही शब्द असे स्वच्छ काढून दाखवले की माझा घास हातात राहिला. मी म्हटलं, "आत्या, फेगातो म्हणा." "फेऽगातो." "स्तोमाको?" "स्तोऽमाको. रोज तर ऐकते." भाकरीला एक थाप, आघाताला जरा जोराची थाप, आणि शब्द जागच्या जागी. तीन महिने वही घोटून मला जे येईना ते ह्या बाईला चुलीपाशी बसून येत होतं, कारण त्यांनी तो काना कधी पाहिलाच नव्हता. लिपी त्यांना फसवणार कशी?

मी आबांकडं पाहिलं. मला वाटलं होतं ते खूश होतील. पण ते खाली मान घालून भाकरी कुस्करत होते, आणि त्या दिवशी त्यांनी एकही चिठ्ठी लिहिली नाही.

परीक्षेला आठवडा राहिला. आबा एव्हाना चाळीस-पन्नास इटालियन शब्द समजतील इतके स्पष्ट बोलत होते, आणि मराठी एक नाही. आत्यांशी अजून चिठ्ठीच. एक दिवस माझा तोल गेला. "आबा, इटलीच्या जठराशी बोलता आणि घरच्या माणसाशी नाही? मी गेल्यावर चिठ्ठ्या कोण वाचणार?" त्यांनी लिहिलं, 'मुलगा वाचेल.' मी म्हटलं, "तो सहाला जातो आणि सातला येतो. तेरा तास आत्यांनी तुमचा कागद धरून बसायचं का? इतकी कसली हो लाज? त्या हसतील असं वाटतं तुम्हाला?" जरा जास्तच बोलले. ज्यांनी मला बाराखडी शिकवली त्यांना असं बोलायला नको होतं. आबा भिंतीकडं तोंड करून झोपले आणि मी परातीत कांदे आपटत बसले.

परीक्षा पुण्यात झाली. समोरच्या पडद्यावर एक बाई नातेवाईक बनून वडिलांची हकीकत सांगत होती. त्यात आला सुबितो. सुऽबितो म्हणजे ताबडतोब, आणि सुबिऽतो म्हणजे भोगलेलं, सोसलेलं. ऑपरेशन ताबडतोब करायचंय की होऊन गेलंय, सगळं त्या एका जोरावर. सरावात मी एकदा बिचाऱ्या बऱ्या झालेल्या म्हाताऱ्याला परत ऑपरेशनला पाठवलं होतं. ह्या वेळी मी डोळे मिटले, मांडीवर बोटं आपटली, आणि विचारलं, ऑपरेशन होऊन किती दिवस झाले? बाई हसली. पंधरा दिवसांनी निकाल आला, पास. नवऱ्यानं पेढे आणले, आबांनी पेढ्याच्या पुड्यावर लिहिलं, 'अभिनंदन. सुबितो विसरू नकोस.' आत्यांनी मला कवेत घेतलं आणि रडल्या. मीही रडले, त्यात लपवायचं काय?

जायच्या आधीच्या रविवारी दुपारी मी पडवीत बॅग भरत होते. आबा खाटेवर, हातात माझी जुनी वही. आत्या आतून आल्या आणि माझ्यापाशी बसल्या. पदराच्या गाठीतून एक चिठ्ठी काढली. घड्या घालून घालून मऊ झालेली.

"ही तेवढी वाच गं बाय. मंग तू जाशील."

"कधीची ही?"

"दवाखान्यातली. ते बोलायचं थांबले त्या दिसाची. तू खाली औशद आनाया गेलतीस, तवा माज्या हातात दिली. मला वाटलं, मरनाबिरनाचं काय लिवलं आसंल. म्हून दाखवलीच न्हाई कुनाला. भ्या वाटलं."

वर्षभर त्यांनी ती पदरात बाळगली होती. धुणं धुताना काढून ठेवत असणार, परत बांधत असणार. मी उघडली. दोनच ओळी होत्या. वाचल्या, आणि चिठ्ठीची परत घडी केली. आत्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, जीव मुठीत धरून.

"मरणाचं नाहीये, आत्या," मी म्हटलं. "पण मी वाचणार नाही. ज्यानं लिहिलंय त्यानं वाचावी." आणि उठून चिठ्ठी आबांच्या हातात दिली.

आबांनी ती ओळखली. एकदा माझ्याकडं पाहिलं, इतक्या रागानं की मी परत सातवीत गेले. मग आत्यांकडं पाहिलं. त्या तशाच बसल्या होत्या, हात मांडीवर, वर बघत. शेवटी आबांनी वही बाजूला ठेवली, चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली, आणि उजवा हात मांडीवर आपटला.

"तु-ला. वा-चा-य-ला. शि-क-व-लं. ना-ही." घाम आला त्यांना. च घसरला, त्याचा स झाला. "चू-क. मा-झी."

मला वाटलं, आत्या रडतील. त्या रडल्या नाहीत. पदरानं तोंड पुसलं, जरा पुढं सरकल्या, आणि बाईंच्या आवाजात, आघात बरोबर मधल्या अक्षरावर ठेवून म्हणाल्या, "अंकोऽरा."

आबांनी पुन्हा वाचलं. त्या दुपारी त्यांनी ती चिठ्ठी चार वेळा वाचली, आणि चौथ्या वेळी चूकमधला च स्वच्छ आला.